फ्रिज मागून पाहावा

फ्रिज हिवाळ्यात कधी बिघडत नाही. डिसेंबरात यवतमाळला पहाटे रजईतून हात बाहेर काढवत नाही, तेव्हा तो कोपऱ्यात उभा राहून मन लावून काम करतो आणि कोणी न मागितलेला बर्फ जमवून ठेवतो. मे महिन्यात पारा 44-45 वर गेला, पाहुणे आले, आमरसाचं पातेलं आत ठेवायची वेळ झाली, की नेमका अंग टाकतो. लोकांना हा खोडसाळपणा वाटतो. तो खोडसाळपणा नाही, त्यामागे शास्त्र आहे. आणि उन्हाळ्यात यवतमाळच्या कुठल्याही ओसरीवर त्या शास्त्राचं व्याख्यान फुकट ऐकायला मिळतं.

शास्त्र असं, की फ्रिज थंडावा तयार करत नाही. तो हमाल आहे. आतली उष्णता उचलायची, पाठीवर घ्यायची आणि मागच्या जाळीतून बाहेर नेऊन टाकायची, एवढीच त्याची नोकरी. बाहेर महाबळेश्वर असेल तर ओझं टाकून तो दोन मिनिटांत मोकळा. बाहेर वणीची दुपार असेल तर टाकायचं कुठं? तिथं आधीच ढीग लागलेला. अशा वेळी फ्रिजला जे काही दुखतं ते पाठीत दुखतं, आणि आपण तपासतो मात्र पुढून. दार उघडतो, आत डोकं घालतो, बाटलीला हात लावून पाहतो, बटण एकावरून सातावर नेतो, दार लावतो, आणि फरक पडला का ते पाहायला पुन्हा उघडतो. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

एवढं ज्ञान आमच्या घराण्यात पहिल्यापासून होतं. त्याची आंतरराष्ट्रीय परीक्षा मात्र यंदाच्या उन्हाळ्यात झाली.

माझा भाचा अमेरिकेत असतो, ॲरिझोनात, फिनिक्सजवळ. यवतमाळच्या उन्हाळ्याला कंटाळून परदेशी गेलेला हा मुलगा साता समुद्रापलीकडे पोचला आणि शोधून शोधून वाळवंटात जाऊन राहिला. तिथंही हवा कोरडी, तिथंही उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या पार. फरक एवढाच, की तिथं झळ लागली तर कांदा हुंगायला देणारं कोणी नाही. तर या भाच्यानं सुट्टीत भटकण्यासाठी एक जुनं मोटरहोम घेतलं. म्हणजे चाकांवरचं बिऱ्हाड: पलंग, ओटा, शेगडी, संडास, फ्रिज, सगळं एका गाडीत. त्याचे फोटो ताईला, म्हणजे त्याच्या आईला, दाखवले तेव्हा तिनं विचारलं, "एवढं मोठं घर आहे ना त्याचं? मग गाडीत कशाला राहतो? सुनेशी काही झालं का?" आणि मग फोटो जवळ धरून, "संडास ओट्याला लागून आहे की काय?"

ॲरिझोनाचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेबारा तास मागे चालतं. त्यामुळे तिथं रात्रीचे आठ वाजले की आमच्याकडे सकाळचे साडेआठ, म्हणजे चहा होऊन गेलेला आणि पेपर चाळून संपलेला. अशा सुमुहूर्तावर भाच्याचा व्हिडिओ कॉल आला.

"मामा, गाडीतला फ्रिज थंडच होत नाहीये."

हे त्यानं मलाच का सांगितलं, असं कोणी विचारेल. आमच्याकडे जावळ मामाच्या मांडीवर उतरतं. लग्नात अंतरपाटापर्यंत आणून मागे उभा राहतो तो मामाच. तेव्हा फ्रिजच्या मागे उभं राहायचा मानही ओघानं आलाच.

सभा जागेवरच भरली. ताई आंब्यांसाठी दारव्ह्याहून आलेली होती. आमची ही होती. एस.टी.तून निवृत्त झालेले शेजारचे भाऊ पेपर न्यायला आलेले होते. आणि खरे तज्ज्ञ म्हणजे मिस्त्री, दत्त चौकाकडून आमच्या कूलरची मोटर पाहायला आलेले, ओल्या ताट्या अंगणात काढून ठेवून पंपाची जाळी नखानं खरवडत बसले होते. त्यांनी मान वर न करता निदान सांगितलं.

"गॅस गेला."

मिस्त्रींचं हे निदान बाराही महिने एकच असतं. फ्रिज आवाज करतो? गॅस गेला. आवाज करत नाही? गॅस गेला. दार लागत नाही? तेही बहुधा गॅसमुळेच. त्यामागोमाग ठरलेलं वाक्य येतं, "भरा लागते."

भाचा म्हणाला, "गॅस आहे. टाकी कालच भरली. ज्योतसुद्धा व्यवस्थित पेटलीय, निळी."

"ज्योत? कशाची ज्योत?"

"फ्रिजची. हा फ्रिज गॅसच्या ज्योतीवर चालतो ना."

ओसरीवर कोणी काही बोलेना. मग भाऊ म्हणाले, "फ्रिजमंदी इस्तो? बाप्पा! मंग थंडा कसा होईन तो?"

ताई म्हणाली, "आधी ती बंद कर!"

मिस्त्रींनी मात्र पहिल्यांदाच पंप खाली ठेवला. "त्यायचा फ्रिज आगीवर चालते," ते म्हणाले, "आपला आगीत चालते. फरक काय हाय राज्या?"

फरक फारसा नाही, हे खरंच आहे. भाच्याच्या फ्रिजला कॉम्प्रेसर नाही, मोटर नाही, हलणारा एकही भाग नाही. बंद नळ्यांत अमोनिया, पाणी आणि हायड्रोजन कोंडलेले असतात. खालच्या ज्योतीनं अमोनिया पाण्यातून उकळून निघतो, वर चढतो, मागच्या जाळीत निवून त्याचा द्रव होतो. तो द्रव हायड्रोजनच्या संगतीत उडून जाताना फ्रिजमधली उष्णता घेतो आणि शेवटी पुन्हा पाण्यात विरघळून ज्योतीकडे परततो. ही करामत स्टॉकहोमच्या बाल्ट्झार फॉन प्लाटेन आणि कार्ल मुंटर्स या दोन विद्यार्थ्यांनी 1922 साली केली, आणि 1925 मध्ये इलेक्ट्रोलक्स कंपनीनं ती विकत घेतली. असेच फ्रिज रॉकेलवरही चालत. वीज पोचली नव्हती अशा मुलखात लसी थंड ठेवायला ते उपयोगी पडले. खुद्द आइन्स्टाइननं लिओ सिलार्डच्या साथीनं हलत्या भागांवाचूनचा एक फ्रिज काढला. 1930 साली त्यांना अमेरिकेचं पेटंटही मिळालं. सापेक्षता सांगून झाल्यावर त्या माणसाला फ्रिजमध्ये लक्ष का घालावं लागलं, याचं उत्तर भाऊंनी तिथल्या तिथं दिलं, "त्याच्या इथं मे महिन्यात पाहुणे आले असतीन."

हे सगळं भाचा सांगत होता तेव्हा मिस्त्रींच्या चेहऱ्यावर विद्यार्थ्याचं तेज होतं. एकच प्रश्न त्यांनी विचारला, "अमोनिया सरला तं भरता येते का?"

"नाही. नळ्या कायमच्या बंद असतात. अमोनियाचा वास आला किंवा पिवळा डाग दिसला तर फ्रिज बंद करायचा, खिडक्या उघडायच्या आणि मागचं अख्खं युनिटच बदलायचं."

मिस्त्रींचं तेज मावळलं. गॅस भरताच येत नाही असा फ्रिज माणसानं दुरुस्त करावा तरी कशासाठी?

वास येत नव्हता, डाग नव्हता. म्हणजे रोग दुसरीकडे होता. आमच्या हिनं विचारलं, "गाडी उभी कुठं केलीस?"

"टेकडीच्या उतारावर. सूर्यास्त छान दिसतो इथून."

"फ्रिजमध्ये वाटीभर पाणी ठेवून दाखव बरं."

त्यानं वाटी ठेवली. एका काठाशी पाणी सांडायच्या बेताला आलेलं, दुसऱ्या काठाशी वाटीची कड कोरडी. इथं त्या आगीवरच्या फ्रिजची खरी मेख आहे. त्याच्या नळ्यांतला द्रव स्वतःच्या वजनानं खाली उतरतो, त्याला ढकलणारं कोणी नाही. गाडी धावत असते तेव्हा हेलकाव्यांनी सगळं हलतं राहतं आणि चालून जातं. उभी गाडी बाजूला तीनेक अंशांहून जास्त कलली की द्रव वाटेतच कुठंतरी साचतो, आणि ज्योत खालची कोरडी नळी भाजत बसते. फार वेळ असं चाललं तर फ्रिज कायमचा जातो. गवंडी पाणसळ लावल्याशिवाय भिंत उचलत नाही; मोटरहोमवाल्यांनी सूर्यास्ताआधी ती लावावी.

इथं भाऊंच्या सेवेची सगळी वर्षं कामी आली. "मांगच्या चाकाखाली फळी टाक, गाडी हळूच चढव, हँडब्रेक वढ, अन् पुढच्या चाकाले गोटा लाव," ते फोनमध्ये ओरडले. एस.टी. घाटात बंद पडली की काय करावं, याचा हा अनुभव ॲरिझोनाच्या टेकडीवर उपयोगी पडेल असं महामंडळाला स्वप्नातही वाटलं नसेल. फळ्या लागल्या. वाटीतलं पाणी सरळ झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा कॉल. थोडा फरक आहे, पण दूध टिकत नाही. मग कॅमेरा फ्रिजच्या आत गेला, आणि आम्हाला आपलं घर दिसलं. मराठी माणसाचा फ्रिज कुठंही असो, त्यात अन्न कमी आणि भविष्याची तरतूद जास्त असते. आमच्याच फ्रिजच्या दारात मेंदीचे कोन, डोळ्यांत घालायचे संपलेले थेंब, एका बारशाचा पेढ्यांचा डबा आणि ताटलीखाली झाकलेलं सायीचं पातेलं असतं. त्या सायीचं तूप करायला मुहूर्त लागतो. तोवर तिला हलवणाऱ्याचा हात मोडतो. पेपरात गुंडाळलेली कोथिंबीर इतकी खोल जाते, की तिच्यावरच्या बातमीतले मंत्री माजी होऊन जातात. भाच्याकडे हेच, फक्त दाटीवाटीनं. ताईनं पाठवलेला ठेचा, मेतकूट, आंब्याच्या रसाचे डबे, दह्याची बरणी, आणि मधोमध भलंमोठं पातेलं.

"त्यात काय आहे?"

"वरण. आत्ताच केलं."

"गरम ठेवलंस?"

भाचा गप्प. वरणाची वाफ कॅमेऱ्याच्या काचेवर आली होती, त्यामुळे उत्तराची गरजही नव्हती. आतल्या बाजूला ॲल्युमिनियमच्या पात्यांची जाळी असते, तिच्यापर्यंत हवा खेळती राहिली पाहिजे. इथं ती जाळी मेतकुटाच्या पुड्यांनी लिंपलेली. सामान निम्मं करा, वस्तूंमध्ये बोटभर जागा ठेवा, गरम काही आत ठेवू नका, असं ठरलं. मेतकुटाला फ्रिज लागतच नाही, हे आमच्या हिनं हळूच सांगितलं. ताईनं ते ऐकलं नाही, असं दाखवलं.

मग दाराची तपासणी. दाराच्या रबरात कागदी नोट अडकवायची, दार लावायचं आणि नोट ओढायची. अडून आली तर रबर ठीक, सुळकन आली तर तिथून थंडावा गळतो. भाच्यानं डॉलरची नोट लावली. घट्ट. त्याच्या पाकिटात यवतमाळहून गेलेली दहाची नोट होती, तीही लावून पाहिली. ती ओढताच हातात आली.

"अमेरिकेत बी आपला रुपया घसरतेच," भाऊ म्हणाले.

दुसऱ्यांदा नीट लावल्यावर रुपयाही टिकला, पण तोवर भाऊंचं वाक्य दोन गल्ल्या पुढे गेलेलं होतं.

आता उरलं मागचं. मिस्त्री मघापासून हेच सांगत होते. "मांग पाय ना बाबू, मांग!" मोटरहोमचा फ्रिज भिंतीत बसवलेला असतो. त्याच्या पाठीमागची हवा गाडीच्या अंगावरच्या खालच्या झरोक्यातून आत शिरते, गरम होऊन वर चढते आणि टपावरच्या झरोक्यातून निघून जाते. भाच्यानं बाहेर जाऊन टॉर्च धरला, खालच्या झरोक्याची जाळी काढली, आणि आत मातीचं सुबक घर दिसलं. कुंभारीण माशीनं पाच-सहा खोल्यांचा वाडा बांधला होता. ज्योतीच्या नळीच्या तोंडाशी कोळ्यानं जाळं विणलेलं. टपावरच्या झरोक्यात वाळलेल्या काटक्यांचा भारा, म्हणजे वरच्या मजल्यावर पक्ष्यांचं कुटुंब राहून गेलेलं. चाकांवरच्या त्या घरात भाचा आणि सून हे सर्वांत नवे भाडेकरू होते.

ताईला ते मातीचं घर मोडवेना. "त्यात पिलं असतील रे." पाहिलं तर पिलं उडून गेलेली होती. सगळं झाडून झालं. शिवाय गाडीची फ्रिजकडची बाजू पश्चिमेला होती, म्हणजे सूर्यास्त छान दिसत होता तो सर्वांत जवळून फ्रिजच पाहत होता. गाडी वळवून ती बाजू सावलीत घेतली.

या चौकशीत आमच्या फ्रिजचंही पितळ उघडं पडलं. मिस्त्रींनी सहज मान वळवून आमच्या स्वयंपाकघरात पाहिलं. आमचा फ्रिज भिंतीला पाठ चिकटवून उभा. डोक्यावर क्रोशाचा रुमाल, त्यावर स्टॅबिलायझर, त्यावर कुरडयांचा डबा. आणि मागच्या काळ्या जाळीवर फरशी पुसायचं फडकं वाळत टाकलेलं, कारण तिथं लवकर वाळतं. मिस्त्रींनी दोन बोटांनी ते फडकं उचललं आणि पुराव्याची वस्तू म्हणून सगळ्यांना दाखवलं. जाळीवरचा धुळीचा थर बोटानं काढून दाखवला. त्यात यवतमाळच्या मागच्या हंगामाचा कापूसही होता. ब्रश फिरवून, फ्रिज वीतभर पुढे ओढून ते म्हणाले, "याले गॅसची गरज नाई." एवढं बोलताना त्यांना किती यातना झाल्या, ते त्यांच्या धंद्यातल्या माणसालाच कळेल.

तेवढ्यात भाच्याच्या शेजारच्या गाडीतले एक वृद्ध अमेरिकन गृहस्थ, डोक्यावर टोपी, कॅमेऱ्यात डोकावले. त्यांचा सल्ला होता, फ्रिज काढून एक दिवस उलटा करून ठेवा. आतली रसायनं पुन्हा मिसळतात. हा तिकडचा जुना प्रसिद्ध उपाय आहे, आणि अडलेल्या नळ्या कधीकधी तेवढ्यापुरत्या सुटतातही. मिस्त्री गहिवरले. जगाच्या त्या टोकालाही आपल्या जातकुळीचा माणूस आहे, हे पाहून कुणालाही बरं वाटेल. ताई एवढंच म्हणाली, "उलटा कर, पण आधी वरण बाहेर काढ."

फ्रिज उलटा करायची वेळ आली नाही. मिस्त्रींनी त्याऐवजी पाठीमागे वारं घालायला सांगितलं. त्यांच्या मनात कूलर होता. यवतमाळला कडक उन्हाळ्यात फ्रिज धापा टाकू लागला की कित्येक घरांत कूलरचं तोंड त्याच्या पाठीकडे वळवतात. फ्रिज ओल्या ताट्यांची हवा खातो आणि घरातली माणसं पेपरनं वारा घेतात. ॲरिझोनाला कूलर नवा नाही. कोरड्या हवेतली तीच युक्ती तिकडे 1930 च्या दशकातच घरोघर पोचली होती. पण गाडीत तेवढी जागा कुठली? भाच्यानं कॉम्प्युटरमधला छोटा पंखा मागच्या झरोक्यात बसवला. मोटरहोमवाले हे सर्रास करतात, असं नंतर कळलं. मिस्त्री म्हणाले, "तोच कूलर, फक्त बारका."

एका हिशेबानं ही परतफेडच होती. 1833 च्या मे महिन्यात फ्रेडरिक ट्यूडर नावाच्या व्यापाऱ्यानं बॉस्टनहून टस्कनी जहाजात 180 टन बर्फ भरून कलकत्त्याला पाठवला. चार महिन्यांच्या प्रवासानंतर त्यातला सुमारे 100 टन शाबूत पोचला. अमेरिकेनं आपल्याला बर्फ दिला होता. आम्ही बर्फ टिकवायचा सल्ला पाठवला. आमचा सल्ला वाटेत वितळत नाही, हे आमचं जास्तीचं.

तरीही दूध टिकेना. पाणसळ झाली, वरण गेलं, कुंभारीण गेली, पंखा आला, आणि दर तासाला ताईचा फोन: "झालं का थंड? दाखव बरं." भाचा दार उघडून दाखवी. मग भाऊ नीट पाहायला मागत. मग मिस्त्रींना जाळीवर दव जमलंय का ते बघायचं असे. हा फ्रिज स्वभावानं संथ. रिकामा असतानाही त्याला थंड व्हायला रात्रभर लागते, म्हणून जाणते लोक सहलीच्या आदल्या दिवशीच तो सुरू करतात. इथं त्या बिचाऱ्यानं आतली चिमूटभर उष्णता बाहेर टाकली, की दारव्ह्याची माया पुन्हा पोतंभर आत घाली.

हे कोडं सोडवलं भाच्याच्या बायकोनं. ती अभियंता आहे, आणि दोन दिवस आमचं ऐकून घेत होती. तिनं दारावर कागद चिकटवला: 'सकाळपर्यंत उघडू नये. आईंनीसुद्धा.' आत एक थर्मामीटर ठेवला आणि नवऱ्याचा फोन बंद केला. त्या रात्रीची शांतता ताईला फार जड गेली. अंगणातल्या आंब्यांच्या पेट्यांवरून ती दर थोड्या वेळानं फोनकडे पाही.

त्यांच्या सकाळी, म्हणजे आमच्या रात्री, फोटो आला. थर्मामीटरवर 4 अंश सेल्सियस. दुधाच्या बाटलीवर दव. सभेनं एकमतानं श्रेय घेतलं, फक्त ते कुणी घ्यायचं यावर मतभेद झाले. भाऊंच्या मते फळी. आमच्या हिच्या मते वाटी. ताईच्या मते तिनं वरण काढायला सांगितलं म्हणून. सुनेचं नाव घ्यायची सूचना मी मांडली, पण तिला अनुमोदन मिळालं नाही.

मिस्त्रींनी कूलरचे पैसे घेतले आणि जाताना व्हिजिट चार्ज वेगळा सांगितला.

"व्हिजिट कसली? तुम्ही ॲरिझोनाला गेलात कुठं?"

"मी नाई गेलो, पन डोकं तं गेलं ना माहं. दोन दिवस तिकडंच व्हतं." मग पिशवी खांद्याला लावत, मोठ्या मनानं: "बरं, अर्धेच द्या. गॅस भरला असता तं पुरे घेतले असते."